मोमोची वंशावळ

६ एप्रिल, शनिवार

आजपासून रोजनिशी. घोड्यांच्या पैदाशीवर मी पुढेमागे पुस्तक लिहिणार, तेव्हा नोंदी हाताशी हव्यात.

लेकीला, कादंबरीला, चिबामधल्या रँचवर नेलं. अमेरिकन वेस्टर्न रायडिंग. मोठं खोगीर, लगाम एका हातात, सगळे घोडे क्वार्टर हॉर्स. मालक मोरिता-सान साठीचे, बोलणं कमी. आमची तेरा वर्षांची कन्या त्यांच्याशी जपानीत फाडफाड बोलते. माझ्याशी नुसतं 'उन', म्हणजे 'हं'.

येताना ट्रेनमध्ये ओजिमाला घरी पोचेपर्यंत वाचत होतो. क्वार्टर हॉर्स म्हणजे पाव मैलाचा बादशहा. पण त्याचा आजचा वेग, उंची, डौल यात मोठा वाटा थरोब्रेड रक्ताचा. थ्री बार्स नावाचा रेसचा एक थरोब्रेड, त्याची संतती तिकडे पागोपागी. बायकोला, स्नेहलताला, म्हटलं, हा सरळसरळ डेटाबेसचा विषय आहे. पेरेंट टेबल, चाइल्ड टेबल. वीस वर्षं मी दुसरं काय केलं? ती म्हणाली, आधी इथले कचरा टाकायचे वार पाठ कर.

१३ एप्रिल, शनिवार

रँचवर नवी घोडी. मोमो, वय सोळा, ओसाकाकडचा एक क्लब बंद पडला तिथली. कागद इंग्रजीत. मोरिता-साननी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. उदय-सान, वाचून सांगाल का, म्हणाले. इतक्या पालकांत मलाच.

वंशावळ बघून अंगावर काटा आला. आईकडून आणि बापाकडून एकच गाजलेला शोचा घोडा, आणि त्याच्यामागे थ्री बार्स. तळाला बारीक अक्षरांत कुठल्याशा जनुकीय चाचणीची ओळ. पुढे एन/एच. आमच्या रिपोर्टमध्ये एन/ए असतं, लागू नाही, त्यातलंच काहीतरी. मोरिता-सानना सांगितलं, दाइजोबु. सगळं ठीक.

२७ एप्रिल, शनिवार

मोरिता-सानच्या मनात कादंबरीला टोनी द्यायचा होता. टोनी बावीस वर्षांचा म्हातारा, वंशावळ अगदीच बेताची. मी म्हटलं, मोमो. ते म्हणाले, 'चोत्तो...' आणि थांबले. चोत्तो म्हणजे थोडं. म्हणजे थोडी शंका, बाकी होकार. दुसऱ्यांदा विचारल्यावर मान खाली घालून टोनीचंच खोगीर पुसत राहिले. ठरलं.

मोमोच्या खांद्याची कातडी सारखी थरथरते. माशी नाही, वारा नाही. कातडीखाली पाणी उकळतंय असं वाटतं. कादंबरीने दाखवलं. मी समजावलं की हे थरोब्रेड रक्त, त्याला स्वस्थ उभं राहवत नाही.

संकल्प: मोमोसाठी रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड शोधणे. पुढच्या पाच पिढ्या एक्सेलमध्ये मांडल्या. नाव 'उदय लाइन'.

२९ एप्रिल, सोमवार

सुट्टी. सुपरमार्केटातून केळ्यांचा घड नेला. घोडीशी नातं पोटातून जोडावं. मोमोने आठ केळी सालासकट खाल्ली. मोरिता-सान स्टेशनवर गेले होते, त्यामुळे विचारायचं राहिलं.

अर्ध्या तासाने मोमो जांभया देऊ लागली. एकामागून एक, जबडा पूर्ण उघडून. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरट पडदा सरकत अर्ध्या बुबुळावर आला. कादंबरी म्हणाली, मोरिता-सानना सांगू या. मी म्हटलं, पोट भरलंय, झोप येतेय. किरकोळ गोष्टींसाठी जाणत्या माणसाला त्रास देऊ नये.

११ मे, शनिवार

स्नेहलता प्रथमच आली. कुंपणापाशी उभी राहून बराच वेळ मोमोकडे बघत होती. बाकीचे घोडे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गोळा झाले होते. मोमो एकटी मध्ये. चालताना तिचे मागचे पाय लटपटले, मग ती थांबली. जणू चालायचं कसं हेच विसरली.

स्नेहलता हळूच म्हणाली, "उदय, ही घोडी बरी नाही."

तिला म्हटलं, तुझ्याकडे पाच पिढ्यांचा डेटा नाही. ती म्हणाली, माझ्याकडे डोळे आहेत.

कादंबरीने मला टोनी चालेल, असं सांगितलं. मराठीत सांगितलं, म्हणजे मनापासून. मी म्हटलं, असं रक्त पुन्हा मिळत नाही. ती 'उन' म्हणाली.

१८ मे, शनिवार, संध्याकाळ

थोडक्यात लिहितो.

सकाळी मोमोला सहा केळी दिली. मग कादंबरी बसली. दुसऱ्या फेरीत मोमोचं मागचं अंग खाली बसलं, कुत्रं बसतं तसं. क्षणभर तशीच राहिली. मग कुशीवर पडली. कादंबरी खाली. मोरिता-सान धावले. मी जागेवरच.

अँब्युलन्स. गळपट्टीचं हाड मोडलं, बाकी शाबूत. डॉक्टर म्हणाले, डोकं वाचलं. स्नेहलता हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर मी कादंबरीची बॅग आणायला रँचवर परतलो. घोड्यांच्या डॉक्टरने मोमोला सलाइन लावलं होतं. तासाभरात ती उठून गवत खात होती, काही झालंच नाही अशी.

डॉक्टरने कागद मागवला. त्या तळच्या ओळीवर बोट ठेवून मोरिता-सानशी बराच वेळ बोलला. मग मला विचारलं, आज हिला काय दिलं होतं? मी म्हटलं, गवत.

१९ मे, रविवार

तळच्या त्या ओळीबद्दल वाचलं. एन म्हणजे निरोगी जनुक, एच म्हणजे आजाराचं. अचानक स्नायू लुळे पडतात. आजार त्याच गाजलेल्या घोड्यातून आलेला. त्याचे पिळदार स्नायू बघून लोकांनी त्याचीच पैदास वाढवली, त्याबरोबर हेही वाढलं. पोटॅशियम घातक. काय देऊ नये त्या यादीत केळी.

अक्षर खरोखरच फार बारीक होतं. आणि इंग्रजी कागद म्हणजे दुभाष्या बोलवायला हवा होता, पालक नव्हे. या विषयावर घरी बोलण्यात अर्थ नाही.

१ जून, शनिवार

एक्सेलची फाइल डिलीट केली. जागा कमी पडत होती.

कादंबरी एका हाताने जेवते. मी घास भरवायला गेलो तर चमचा काढून घेतला.

१५ जून, शनिवार

मोरिता-सान घरी आले. सूट, हातात मिठाईचा डबा. ओजिमाच्या आमच्या एवढ्याशा खोलीत कमरेतून वाकले आणि वर येईनात.

कादंबरी त्यांचं बोलणं मराठीत सांगत गेली. इंग्रजी येत नसताना घोडी ठेवून घेतली, चूक माझी, म्हणाले. घोडीला झटका कशाने आला ते अजून सापडलेलं नाही. महिनाभर ते चाऱ्याची एकेक गासडी उघडून बघताहेत. तोवर लहान मुलांचा वर्ग बंद. बहुधा कायमचाच.

मी म्हटलं, होतं असं कधीकधी, मनाला लावून घेऊ नका.

कादंबरीने हे जपानीत सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे वळून दुसरंच काही बोलली, बरंच. स्नेहलता चहाचा ट्रे हातात धरून दारातच उभी राहिली. इथल्या नऊ वर्षांत तिचं जपानी माझ्यापेक्षा चांगलं झालंय.

त्यांना काय बोललीस, मी विचारलं.

"चूक तुमची नाही, कागद बाबांनी वाचला होता," ती म्हणाली. "आणि केळी त्यांनी दिली होती. दोन्ही वेळा."

मोरिता-सान सावकाश सरळ झाले. स्नेहलताला नमस्कार केला, कादंबरीला केला. माझ्यासमोर आले तेव्हा थांबले, आणि मान जरा, अगदी चोत्तो, हलवली.

वर्ग पुढच्या शनिवारी सुरू होतोय. कादंबरीला स्नेहलता घेऊन जाणार.