पहिल्या हाकेला ओ

॥ श्री ॥

हळर्ण, पेडणे
२३ सप्टेंबर २०२४

चि. सौ. सुमन हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. यापुढे पत्रच लिहीत जा. फोनवर मी काय बोलते आणि तुझ्या कानात काय शिरतं याचा काही मेळ नाही. मी वेलावरची तवशी पाठवते म्हणाले, तू मावशी येते असं ऐकलंस आणि तुझ्या सुनेने, बिचाऱ्या समीक्षाने, माझ्यासाठी खोली झाडून ठेवली. कानाचं मशीन पर्समध्ये ठेवायला घेतलेलं नाही, हे तुला आता कुणी सांगायचं?

इकडे सगळं ठीक, म्हणजे होतं तसंच. ह्यांचं विसरणं वाढलं आहे. मुरगाव बंदरात उभा जन्म जहाजांचा माल मोजण्यात गेला, आणि आता चहा घेतला की नाही ते आठवत नाही. चतुर्थीत तू पाहिलंसच. विसरू देत, त्याचं मला काही वाटत नाही. पण ते न सांगता उठतात आणि मागच्या कुळागरातून, पोफळींमधून खाली उतरायला लागतात. खाली नदी आहे. माझी सगळी भीती त्या नदीची.

त्यावर मी उपाय काढला आहे. मी हाक मारली की पहिल्याच हाकेला ओ द्यायची, आणि ओ दिली की हातावर खडीसाखर. महिनाभर घोकून घेतलं. आता कुळागरात कुठेही असोत, हाकेसरशी ओ येते आणि मी जाऊन हाताला धरून आणते. बाकी सगळं विसरतील, ओ विसरत नाहीत.

लायनने मात्र डोकं उठवलं आहे. शेजारच्या गोकुळदासाकडून हे कुत्र्याचं पिल्लू आणलं तेव्हा गरीब वाटलं होतं. आता तुळशीपाशी पाय वर करतो, दारापुढच्या खळ्यात उकरतो, आणि रोज तिनसांजेला मागीलदारी बसून नदीवरच्या जुन्या धक्क्याकडे तोंड करून भुंकत सुटतो. पूल झाल्यापासून त्या धक्क्यावर कुणी फिरकत नाही. दिवा लागून घर उजळेपर्यंत हा थांबत नाही. हे बाहेर पडायला उठले की त्यांच्या लुंगीचा काठ दातांत धरतो. दोन लुंग्या फाडल्या. समीक्षाच्या माहेरी कुत्री आहेत म्हणे, तिला काही विचारून कळव.

माया आहे तशी ठेव. मशीन कानात ठेव.

तुझी,
ताई

—

डिचोली
१ ऑक्टोबर २०२४

ती. चंद्राताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आम्ही दोघी सासू-सुना हसलो. भावोजी आणि लायन, दोघांना एकाच वर्गात बसवलंस म्हणायचं. एकाला खडीसाखर, दुसऱ्याला काठी. निलेश म्हणतो, मावशीने शाळा काढली असती तर गावात एकही पोर खोकलं नसतं.

समीक्षाने सांगितलेलं लिहिते. मारायचं अजिबात नाही, मारलं की ते तुझ्या पाठीमागे घाण करतं. तुळशीपाशी मोसंबीच्या साली टाक, त्या वासाला कुत्रं जात नाही. जिथे घाण केली ती जागा पाण्यात विनागर घालून धू, म्हणजे जुना वास राहत नाही. तिखटपूड मुळीच टाकू नकोस, नाकाडोळ्यांची आग होते मुक्या जनावराच्या. निळीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या असल्या तर ठेव, आमच्या आळीत प्रत्येक फाटकावर आहेत, आणि प्रत्येक बाटलीवर कुत्र्यांनी पाय वर केलेला आहे.

भुंकण्याचं मात्र ती वेगळं सांगते. आधी तो कशाला भुंकतो ते बघायचं. तिथे खरंच काही नसलं, तरच गप्प बसण्याची सवय लावायची. गप म्हणायचं, क्षणभर गप्प बसला की बिस्किट.

आणि ताई, रागावू नकोस. तिनसांजेच्या हाकेचं आईने सांगितलेलं आठवतं ना? दोन हाका जाऊ द्यायच्या, तिसरीला ओ द्यायची. माणूस तीनदा हाक मारतो. दुसरं जे असतं त्याला एकदाच मारता येते. भावोजींना तू नेमकं उलटं शिकवलंस. ते तेवढं सुधार.

लहान बहिणीवर राग नसावा, लोभच असू दे.

तुझी,
सुमन

—

हळर्ण
१४ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. सुमन हिस,
अ. उ. आ.

समीक्षाला माझी शाबासकी सांग. साली आणि विनागर लागू पडले. तुळशीकडे लायन आता फिरकत नाही. निळीच्या बाटल्यांचं तू म्हणालीस तेच झालं, पहिल्याच दिवशी त्याने फाटकावरच्या बाटलीवर पाय वर केला. पण भरल्या आहेत तर राहू देत म्हणून काढल्या नाहीत. फाटक, तुळस, पुढच्या पायऱ्या, सगळीकडे ओळीने आहेत. मागीलदारी तेवढ्या नाहीत, तिथपर्यंत पोचेतो नीळ संपली.

भुंकणंही बंद झालं. बिस्किटाचा एक पुडा गेला, पण जमलं. धक्क्यावर काय आहे तेही मी तुझ्या सुनेच्या सांगण्याप्रमाणे दोनदा जाऊन पाहिलं. शेवाळ आणि मोडकी होडी, दुसरं काही नाही. आता तिनसांज झाली की लायन मागीलदारी बसतो, तोंड मिटून. थोडा थरथरतो. लाळ गळते. नजर धक्क्यावरून हलत नाही. पण आवाज नाही. इतकी वर्षं या घरात अशी शांतता नव्हती.

आईचं तू मला सांगू नकोस. शीळ घातली तर साप येतो असंही आई म्हणायची. मी म्हापशाला बी. ए. होईपर्यंत शीळ घालत जात होते, एक साप आला नाही. ज्यांना चहाचे कप मोजता येत नाहीत त्यांना मी हाका मोजायला शिकवू?

एक गंमत मात्र आहे. लायन गप्प झाल्यापासून हे मी हाक न मारताच ओ देतात. कुणाला ओ दिली म्हणून विचारलं, तर म्हणाले, केव्हाची बोलावतायत, तुला ऐकू येत नाही का, तू काय सुमन झालीस? बंदरावरचा भोंगा डोक्यात वाजत असेल. मी सवयीने खडीसाखर दिली.

आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझी,
ताई

—

डिचोली
२१ ऑक्टोबर २०२४

ती. चंद्राताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. ताई, ती खडीसाखर बंद कर आणि बिस्किटही बंद कर.

तू मला बहिरी म्हणून चिडवतेस, पण ऐकण्याबद्दल माझ्याइतकं तुला कळत नाही. मशीन घातलं की आधी पंखाच ऐकू येतो, आणि त्याच्याखाली समोरच्याचं बोलणं बुजून जातं. मोठ्या आवाजाखाली लहान आवाज मरतो. लायन उगाच भुंकत नव्हता. भावोजींच्या कानावर काहीतरी जाऊ नये म्हणून भुंकत होता.

त्याला भुंकू दे. हे पत्र पोचताच कर.

तुझी काळजीत असलेली,
सुमन

—

हळर्ण
५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुमन हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दिवाळीच्या सुट्टीत अडकून काल हाती आलं. त्याआधीच सगळं होऊन गेलं. घाबरू नकोस, शेवट बरा आहे.

नरकचतुर्दशीच्या आदल्या तिनसांजेला मी स्वयंपाकघरात पोहे चाळत होते. हे मागच्या सोप्यावरून उठले. लायनने लुंगीचा काठ धरला, गुरगुरला, आणि मी इथूनच गप म्हणून दटावलं. त्याने काठ सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. बिस्किट मागताना पाहतो तसं नाही. त्या नजरेला मी काय म्हणू ते मला अजून सुचलेलं नाही. ह्यांनी स्वच्छ आवाजात ओ दिली आणि मागीलदाराने गेले. हात धुऊन मी बाहेर आले तेव्हा कुळागरात कुणी नव्हतं. मी हाका मारल्या, घसा बसेपर्यंत मारल्या. पहिल्या हाकेला येणारी ओ आली नाही.

गोकुळदास आणि वाड्यावरची माणसं होड्या घेऊन उतरली. मी देवापुढे बसून राहिले. पहाटे रस्त्यावर नरकासुर जाळत होते, फटाके फुटत होते, आणि हे मागीलदाराने आत आले. लुंगी कोरडी. त्या उतरणीवर सगळा चिखल, पण पाय धुतल्यासारखे.

आणि ऐक, विसरणं पार गेलं! जहाजांची नावं सांगतात, आपल्या आईच्या हातच्या खतखत्याची चव सांगतात, वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात. मला नावाने हाक मारतात. फाटकाबाहेर मात्र जायला तयार नाहीत, म्हणून डॉक्टरांकडे नेणं राहिलं आहे. लायन त्या पहाटेपासून फाटकाबाहेर रस्त्यावर बसतो. जेवायलाही आत येत नाही. ज्यांच्या पायाशी वाढला ते परत आले, तर याला शेपूट हलवता येत नाही. बेइमान!

तुळशीच्या लग्नाला ये. भावोजींना बघून तुला आनंद होईल.

लोभ ठेव, आणि मशीन घालून ये.

तुझी,
ताई

—

डिचोली
१८ नोव्हेंबर २०२४

ती. चंद्राताईस,
सा. न. वि. वि.

तिथे असताना बोलले नाही. ते सारखे आसपास होते.

ताई, पेडण्याला बसमधून उतरले तेव्हाच माझ्या मशीनचा सेल संपला होता. दिवसभर ते पर्समध्ये होतं. तुझं प्रत्येक बोलणं मी दोनदा विचारून घेत होते, आणि तू वैतागत होतीस. पण भावोजींचं बोलणं मी एकदाही पुन्हा विचारलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? ते हळूच बोलत होते. सोप्याच्या दुसऱ्या टोकावरून बोलत होते. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. कानात नव्हे, कुठे ते मला सांगता येत नाही.

दुसरं. त्यांनी तुला चंद्रावती म्हणून हाक मारली. तुझं लग्न झाल्यापासून भावोजींनी कधी तुझं नाव घेतलं? आयकलंस गो, याच्यापुढे त्यांची गाडी कधी गेली नाही. आम्ही चेष्टा करायचो तेव्हा कान लाल व्हायचे त्यांचे.

तिसरं. तुळशीचं लग्न लागताना ते खळ्याच्या कडेला उभे राहिले. तू गुडघे दुखत असतील म्हणालीस. गोकुळदासाने पाट ठेवायला म्हणून तुळशीपुढची निळी बाटली बाजूला केली, आणि त्याच वाटेने ते लगेच पुढे आले. पुढच्या पायऱ्याही ते उतरत नाहीत, खळ्यात आले ते मागीलदाराने वळसा घालून. फाटकाबाहेर का जात नाहीत ते आता तूच बघ. तिथे तुझ्या बाटल्या आहेत. मागीलदारी नव्हत्या.

तुझं शिक्षण, तुझी शिस्त सगळं मला मान्य. पण एकही बाटली काढू नकोस. नीळ आणून तुझ्या खोलीच्या दाराशी ओळ लाव. लायनला तुझ्याजवळ घे. आणि त्यांनी हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नकोस. निलेश गाडी घेऊन येईल, तू इकडेच ये.

तुझ्या मायेवर वाढलेली,
सुमन

—

हळर्ण
२७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुमन हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस रागात होते. तिसऱ्या दिवशी उठून दुकानात गेले आणि नीळ आणली.

ओळ माझ्या दाराशी लावली आहे. ते ओळीपलीकडे येऊन उभे राहतात. खाली बघत नाहीत, पण पाऊल उचलत नाहीत. लायनला मी गळ्यात हात घालून आणलं. तो आता माझ्या खाटेखाली असतो. त्याला पुन्हा भुंकायला शिकवते आहे. बिस्किट हातात धरून मीच भुंकून दाखवते. कुणी पाहिलं तर बी. ए.च्या बाईचं डोकं फिरलं म्हणतील. तो माझ्या तोंडाकडे बघतो, थरथरतो आणि गप्प राहतो. मी एकदा शिकवलेलं सहसा जात नाही.

निलेशला पाठवू नकोस. मला येता येणार नाही. हे जर इथे नाहीत, तर कुठेतरी आहेत. त्यांना आता बाकी काही येत नाही, एवढंच येतं की मी हाक मारली की ओ द्यायची. मी डिचोलीला येऊन बसले तर त्यांना हाक कोण मारणार? म्हणून रोज तिनसांजेला मी खिडकीत उभी राहते आणि धक्क्याकडे तोंड करून हाक मारते. पहिल्या हाकेला ओ येते, सुमन. लगेच येते. पण ती खालून येत नाही. माझ्या पाठीमागून, दारातून येते.

मग ते मला हाक मारतात, नाव घेऊन. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून जे नाव ऐकावंसं वाटलं, ते आता रोज ऐकते आणि ओठ मिटून बसते. त्यांची हाक एकदाच येते. आई म्हणायची तसंच.

माझ्यावरची माया कमी करू नकोस. आता मी हट्टीपणाने नव्हे, गरजेने सांगते आहे.

तुझी,
ताई

ता. क. पाकीट बंद करायचं राहिलं होतं, म्हणून लिहिते. आज त्यांनी दोनदा हाक मारली. तुझं पत्र मी घडी घालून सोप्यावरच्या टेबलावर विसरले होते, परत गेले तर ते उघडं होतं. यापुढे हाकांबद्दल पत्रात काही लिहू नकोस. तू येशील तेव्हा फाटकावरून, लहानपणी मला ज्या नावाने चिडवायचीस त्या नावाने हाक मार. तुला आठवत असेल. तेही लिहू नकोस.