थाप म्हणजे ‘अजून’

६ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. यापुढे ‘विनंती विशेष’ लिहायची रीत आहे, पण या पत्रात खरोखरच एक विनंती आहे, म्हणून ती जरा मागे ठेवते. अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच बाजूला टाकलं नसशील, असं धरून चालते. फोन केला असता तर तू नेहमीसारखं “आईला दे” म्हणाली असतीस.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे तिच्याच शब्दांत ‘आहेत तिथे आहेत’. मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासते. या आठवड्यात दोन काचांचा कडेला टवका उडाला. मालक म्हणाले, “डोळे तपासून घे, दुकान घरचंच आहे.” माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. लक्ष ठिकाणावर नसतं.

कारण असं, की अकरा वर्षांनी आपला कुंग फूचा वर्ग पुन्हा स्पर्धेत उतरतोय. सरांनी दोघींना निवडलं आहे. एक मी. दुसरी औषधांच्या दुकानात काम करणारी उंचच उंच मुलगी. सगळे तिला जिराफ म्हणतात आणि तीही त्या हाकेला ओ देते. ती लाथाबुक्क्यांच्या सामन्यात, मी पकडीच्या. तुला सांगायला नको, पकडीत समोरचीचा हात अडकवायचा आणि ती हार मानेपर्यंत दाबत जायचं. हार मानायची खूण म्हणजे मांडीवर थाप.

सगळ्या जगात थापेचा अर्थ ‘सोड’ होतो, फक्त आपल्या वर्गात ‘अजून’. सरांना ऐकू कमी येतं, त्यामुळे वर्ग पहिल्यापासून खुणांवर चालत आला. त्यांनी मांडीवर थाप मारली की जोर वाढवायचा. मग आपणही एकमेकींना तशाच थापा मारून ‘अजून’ सांगू लागलो आणि त्याचा आपल्याला केवढा तोरा होता! “थांबायचं असेल तर तोंडाने ‘बस’ म्हणा,” सर म्हणायचे, “तोंड काय नुसतं जेवायला दिलंय?”

आता तेच म्हणतात, सगळं उलटं शिका. डोक्याला पटतं, हाताला पटत नाही. परवा सरावात जिराफने थाप मारली आणि मी आणखी दाबलं. ती किंचाळली तेव्हा सोडलं. कोपर सुजून टम्म झालं होतं. दुसऱ्या दिवशी तीच मला समजावत होती, “दुकानही माझं, मलमही माझं, तू कशाला तोंड पाडून बसतेस?” पण आता माझ्यासमोर उभी राहताना ती जरा मागे सरकून उभी राहते. तिला कळत नसेल, मला दिसतं.

ताई, मला भीती वाटते. सकाळी दात घासताना ओकारी येते. झोपेत मी उशी पिळते, असं आई सांगते. कुणा अनोळखी मुलीचा हात माझ्या हातात असेल, ती थाप मारेल, आणि माझे हात...

अकरा वर्षांपूर्वी तुझा खांदा गेला, तेव्हाही हेच झालं होतं. तू थाप मारलीस, मी जोर वाढवला. तेव्हा मी जे सांगितलं तेच आजही सांगते. चूक त्या रीतीची होती, तुझी नाही आणि माझीही नाही.

आता ती विनंती. सरांनी स्पष्ट सांगितलं आहे, “तुझी ताई हो म्हणाली तरच तुला उतरवीन.” तुझा होकार दोन ओळींत कळवशील का? तुला अजून उजवा हात खांद्याच्या वर नेता येत नाही, आणि शाळेत तू फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहितेस, हे आईकडून कळतं. म्हणूनच विचारायला इतके दिवस लावले.

तुझी,
धाकटी


२ मार्च

ती. ताईस,

नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. मी दोन ओळी मागितल्या होत्या, तू मोजून दोनच लिहिल्यास. ‘सरांना सांगावे, माझी हरकत नाही. तोंडात दात वाचवायचे रबर असले की शब्द नीट फुटत नाही, एवढे ध्यानात ठेव.’

सरांनी पहिली ओळ वाचली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, “मन मोठं आहे हो पोरीचं.” दुसरी ओळ त्यांना सूचनेसारखी वाटली. मला तशी वाटली नाही. कार्ड आईच्या हाती लागू नये म्हणून मी ते दुकानात, काचांच्या खोक्यात लपवलं. कुणी विचारलं असतं तर का लपवलं ते सांगता आलं नसतं. खरं म्हणजे आलं असतं.

सामने परवा झाले. एका कॉलेजच्या बॅडमिंटनच्या सभागृहात मॅट अंथरल्या होत्या आणि जाळी अजून एका कोपऱ्यात गुंडाळून पडली होती. जिराफ पहिल्याच फेरीत हरली आणि बाहेर येऊन हसत म्हणाली, “बरं झालं, सुटले एकदाची!” मला हसता आलं नाही. माझ्यासमोर एक आडव्या बांध्याची बाई होती, मालवाहू गाडी चालवते. रबर तोंडात घालण्याआधी माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, “अगं, इतकी पांढरी का पडलीस? मी चावत नाही. आणि चावले तरी रबर आहे.”

पहिल्या मिनिटातच तिचा हात माझ्या पकडीत आला. खांदा लागायला लागला तसा तिचा दुसरा हात मांडीवर आपटला. तो आवाज ऐकला आणि चटका बसावा तसं मी सोडून दिलं. ती थाप नव्हती. तिचा हात घामाने घसरला होता. पंचांनी शिट्टी वाजवली नाही. ती क्षणात फिरली आणि माझाच हात तिच्या पकडीत गेला.

ताई, खांदा आतून ताणला जातो तेव्हा काय होतं ते मी तुला सांगायचं म्हणजे कमाल झाली.

माझा डावा हात मोकळा होता. मांडीवर एक थाप मारायची, की सुटले. पण मला थाप मारवेना. माझ्या अंगाला एकच ठाऊक होतं, थाप मारली की जोर वाढतो. इतकी घाबरले होते की सगळं सभागृह मुकं झाल्यासारखं वाटलं. मी ओरडले, “बस!” रबरातून बाहेर पडलं ते नुसतं “अफ्”.

आणि तिने सोडलं. पंच पळत यायच्या आधीच.

नंतर पाण्याच्या नळापाशी मी तिला विचारलं, “मी काय म्हणाले ते तुला कसं कळलं?”

“न कळायला काय झालं?” ती म्हणाली. “माणूस थांब म्हणतंय हे गाईम्हशींनासुद्धा कळतं.” मग खांद्याकडे बोट दाखवून म्हणाली, “शेक घे. आणि पुढच्या वेळी पकड आली की सोडू नकोस, वेडे.”

माझा आवाज तिने त्याआधी पाच वाक्यांइतकाही ऐकला नव्हता. मी तर तुझ्या शेजारच्या अंथरुणात वाढले.

तू थाप मारलीच नव्हतीस. स्पर्धेसाठी निवड झाली म्हणून त्या दिवशी तू नवं रबर घालून सराव करत होतीस. तू “अफ्” म्हणालीस. दोनदा. पहिल्याच वेळी मला कळलं होतं. सरांना ऐकू गेलं नाही, बाकीच्यांची आपल्याकडे पाठ होती. तू दुसऱ्यांदा म्हणालीस तोवर माझं ठरलं होतं. स्पर्धेच्या यादीत तुझं नाव होतं आणि राखीवमध्ये माझं. तुझा खांदा मोडावा असं मनात नव्हतं. आठ-दहा दिवस दुखावा, इतकंच. हे कागदावर किती घाणेरडं दिसतं! पण तेवढंच होतं, आणि तेवढ्यासाठीच.

थाप मी नंतर रचली. दवाखान्याच्या बाकावर, आई धावत येताना दिसली तेव्हा. “मी थाप मारली नाही,” असं तू एकदाच म्हणालीस. आई म्हणाली, “दुखण्यात माणसाला काय आठवतंय!” त्यानंतर तू काही बोलली नाहीस, आणि वर्षभरात घर सोडून गेलीस. आई अजून म्हणते, मोठीचा राग फार लांबला.

जिराफच्या वेळी माझा हात चुकला की मीच चुकवला, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. मला भीती होती ती याची. बाकी सगळी सोंगं होती, ओकारीसकट.

काल वर्ग सुटताना सरांजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. हळू आवाजात. सर कानामागे हात धरून म्हणाले, “ऐकू आलं नाही, मोठ्याने सांग.” मग मोठ्याने सांगितलं. बुटांच्या नाड्या बांधत असलेला सगळा वर्ग थांबला. सरांनी कानामागचा हात खाली घेतला. मग म्हणाले, “मला तेव्हा ऐकू यायला हवं होतं.” एवढंच. मला रागावले असते तर बरं झालं असतं. जिराफ जिन्यात माझ्यासाठी थांबली होती, पण मी जवळ गेल्यावर एक पायरी वर सरकली. या वेळी तिलाही कळलं.

आता आई राहिली. ती बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करते आहे. मधूनच विचारते, “कुणाला एवढं लांबलचक लिहितेस गं?” मी “दुकानाचं काम” म्हणून सांगितलं, म्हणजे बघ, अजूनही खोटंच आधी तोंडात येतं. तिला सांगितल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल, याची मला त्या मॅटवर वाटली त्यापेक्षा जास्त भीती वाटते. म्हणून आधी हे पत्र पेटीत टाकून येणार आहे आणि मग तिच्यासमोर बसणार आहे. क्रम उलटा केला तर मी काहीतरी नवीन रचीन, मला मी माहीत आहे.

हे पत्र तुला मिळेपर्यंत तिचा फोन येऊन गेला असेल, नसेल तर येईल. तो तू उचलावास. तुझ्यावर विश्वास ठेवला नाही म्हणून तिने एवढी वर्षं तुझी माफी मागायला हवी होती, हे तिला आजच कळणार आहे.

मी मात्र माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही, हे काम पुन्हा तुझ्याच खांद्यावर येईल.

जिला दोन्ही वेळा ऐकू आलं होतं, ती तुझी,
धाकटी