विहिरीच्या काठावरचं हिरवं

केनवड, मार्च १९७४, मंगळवार

डोकं फिरलंय आज. माझ्याआधी आमच्या भूगर्भ खात्याचे दोन साहेब इथे येऊन गेले. पानमळेवाल्या गोविंदरावांच्या विहिरीच्या काठावरचा हिरवा थर दोघांनीही खरवडला, तपासला आणि ‘तांबे आढळले’ असं लिहून मोकळे झाले. दगड फोडून बघावासा एकालाही वाटू नये?

मी आज हातोडा घातला. आत काळाकुळकुळीत बेसॉल्ट, तांब्याचं नाव नाही. हिरवं काय ते नुसतं वरवर. मग आलं कुठून?

तेवढ्यात गोविंदराव बादली घेऊन आले आणि वेलींवर फवारायला त्याच काठावर मोरचूद-चुना कालवायला बसले. मोरचूद! म्हणजे तांबंच की! वर्षानुवर्षं तिथेच कालवतात, तिथेच सांडतं.

“हे आधीच्या साहेबांना सांगितलं नाहीत?” मी ओरडलोच.

“त्यायनं इचारलंच नाही. इहीर खोदू नोका म्हने, इथं सरकारी तांबं हाये. तवापासून अर्धीच पडून हाये. पान्यावाचून वेली सुकून राह्यल्या, साहेब.”

“उद्यापासून खोदा. हे तांबं वाशीमच्या दुकानातलं आहे.”

“अन् पुढचा साहेब आला त?”

माझं टाळकंच सरकलं. तो हिरवा काठ मी स्वतः फोडून काढला, तुकडे लांब भिरकावले. हात अजून ठणकतोय.

संध्याकाळी निरोप घ्यायला गेलो, तर गोविंदराव शेजारच्या कोऱ्या दगडावर बसून मोरचूद कालवत होते.