बागेला आमच्या बाजूने दार नसल्याबद्दल

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात तो घालता येईल अशी माझी कंबर राहिलेली नाही; कारण पुढे येईलच.) तुमचा रक्तदाब ताळ्यावर असेल, मामींचा गुडघा कुरकुरत नसेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे बाबा घरभर येरझाऱ्या घालतायत आणि त्यांच्याकडे बघून मीही घालतोय.

पत्रास कारण तुमची बाग. उद्यान विभागात बसून तुम्ही नकाशा फार झोकात काढलात. चालायची वाट तर आमच्या खिडकीखालूनच जाते, वरून खाकरलं तरी चालणारा मान वर करतो. पण दार ठेवलंत पार पलीकडे, गाड्या लावायच्या जागेपाशी! आमच्या बाजूला नुसतं गजांचं कुंपण. म्हणजे खिडकीखालच्या बागेत जायला लॉन्ड्री, पेट्रोल पंप, शाळेची मागची भिंत असा अख्खा वळसा. दारापाशी पोचेपर्यंत माणसाचं चालणं आटोपलेलं असतं, मग आत जाऊन तो सरळ बाकावर बसतो. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर (ज्यांच्यासाठी मी कवळ्या करतो) चालायला गाडीने जातात आणि गाडी लावायला जागा शोधत बागेला इतक्या चकरा मारतात, की सगळा व्यायाम गाडीलाच होतो.

आई गेल्यापासून बाबा खिडकीतल्या खुर्चीतून हलत नव्हते. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, म्हणजे लोकांना जिने चढू न देणं हाच धंदा. आता स्वतःच जिना उतरेनात. चालले नाहीत तर पाय कायमचे जातील, असं त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. कवळी घासता घासता उठायचो, त्यांच्याकडे बघायचो, पुन्हा बसायचो. भीती वाटायची, मामा. शेवटी ठरवलं, आपणच त्यांच्या नजरेसमोर चालून दाखवावं, म्हणजे त्यांनाही हुरूप येईल. वळसा घालायचा कंटाळा, म्हणून कुंपणाच्या दोन गजांमधून घुसलो. डोकं गेलं, खांदे गेले, पोट राहिलं. अर्धा मी तुमच्या बागेत, अर्धा रस्त्यावर. चालायला आलेली माणसं थांबून बघू लागली (तेवढाच त्यांना विसावा).

एवढ्यात वरून बाबा ओरडले, "हलू नकोस! अडकल्यावर हलायचं नसतं!" आणि मामा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते जिना उतरले, हातात पान्ह्यांची पेटी घेऊन. गज सैल करून मला मागे खेचलं (कंबर तिथेच गेली). मग कुंपण या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळून म्हणाले, "दार कुठंय? कुठल्या शहाण्यानं आखलंय हे?" मी तुमचं नाव सांगितलं. ते तरातरा निघालेच, दार शोधायला.

तेव्हापासून रोज जातात. कधी डावीकडून, कधी उजवीकडून, कुठून जवळ पडतं ते बघायला. दारावरच्या पहारेकऱ्याकडे तुमची चौकशी करतात. तो म्हणतो, नकाशावाले साहेब सकाळी येतात. सकाळी गेलं की म्हणतो, संध्याकाळी येतात. घरी आले की पुन्हा तणतण, पुन्हा चपला पायात. तरी समस्त रहिवाशांतर्फे विनंती, की आमच्या बाजूला ताबडतोब दार करून मिळावं.

तुमचा,
काटकोनात वाकलेला भाचा

ता. क. – ते शेवटचं विनंतीचं वाक्य बाबांनी मागे उभं राहून लिहून घेतलं. आता ते पाकीट आणायला गेलेत. मामा, पाया पडतो, दार देऊ नका! दार झालं की ते आत जातील आणि पहिल्याच बाकावर बूड टेकतील. एकदम नकारही कळवू नका. "जागेची पाहणी चालू आहे" एवढंच लिहा आणि दर महिन्याला तेच लिहीत राहा.

आणखी एक ता. क. (अक्षर माझं आहे, याच्या बापाचं) – मेहुणेबुवा, पाकीट आणलं आणि पत्रही वाचलं. दार कुठं का असेना, मला त्याचं काही पडलेलं नाही. तुमची बहीण गेल्यापासून तुम्ही या घरात पाऊल टाकलेलं नाही. पहारेकऱ्याला मी रोज विचारतो ते दारासाठी नाही. पाहणीला स्वतः या.