तुमच्या नावावरचा किडा

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याबद्दल कुणी चांगलं बोलू लागलं की मी उठून जातो. तुमच्या शोकसभेत मी मागच्या बाकावर बसून कागदावर नुसते चौकोन काढत होतो.

तुम्ही सोलापूरला आमच्या घरी आलात तो दिवस आठवतो. भर वैशाख, पत्र्याखाली जीव उकडून निघतोय, आणि तुम्ही लोकरीचा कोट घालून आमच्या पेढीवर बसलेले. कॉलेजातली चार मुलं सुट्टीत कोकण किनाऱ्यावर नेऊन समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करायचा, त्यांत मी हवा, असं तुम्ही आप्पांना सांगत होता. आमचे आप्पा शेंगांचे अडते, गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. ते म्हणाले, "समुद्रात काय हाय बघायसारखं? किडंच बघायचं तर हितं शेंगांच्या पोत्यात लई हायत की." तुम्ही हसलात. मुलगा फक्त चित्रं काढेल, जिवाला हात लावणार नाही, असा शब्द दिलात. तुम्ही हात धुवायला उठलात तेव्हा आईनं आप्पांना कानडीत विचारलं, हा माणूस खरं बोलतोय का. एवढा शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल, असं आप्पा म्हणाले. आईच्या हातच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी तुम्ही निमूट बांधून नेलीत.

किनाऱ्यावरच्या पहिल्याच सकाळी तुम्ही माझ्या हातात स्पिरिटची बरणी दिलीत आणि वळवळता जीव त्यात टाकायला सांगितलंत. मी थबकलो, तर सगळ्यांदेखत म्हणालात की घरचं सोवळं सोलापुरातच ठेवून यायचं होतं. मी टाकला. पुढं सहा आठवडे टाकतच राहिलो. ओहोटी लागली की आम्ही चौघं मांडीभर चिखलात, तुम्ही काठावर खुर्ची टाकून छत्रीखाली. तुम्हाला पाण्याची भीती वाटते हे आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं. वर्गात सागरी जिवांवर तासभर बोलणारा माणूस लाट जवळ आली की पाय वर उचलून घेतो, हे बघून मला तुमची किळस आली. ती आजही आहे.

तो किडा मला सापडला. चिखलात उभी नळी करून राहणारा, डोक्यावर तांबडा झुपका असलेला. तुम्ही नेलेल्या एकाही पुस्तकात तो नव्हता. तीन दिवस भिंगाखाली बसून मी त्याचं चित्र काढलं. पावसाळा सरल्यावर ते एका शास्त्रीय मासिकात छापून आलं, तुमच्या नावानं. खाली एक ओळ, विद्यार्थ्यांचे आभार. मी जाब विचारायला आलो तेव्हा तुम्ही वहीतून मानही वर केली नाहीत. "तुला समुद्र दाखवला कुणी?" एवढंच म्हणालात.

वर्षभरानं त्याच मासिकात मद्रासच्या एका अभ्यासकाचं पत्र आलं. त्यालाही तसाच किडा मिळाला होता, आणि चित्रातल्यासारखं शेपूट त्याला नव्हतंच. हे पत्र इतर मासिकांतही गेलं. लोक तुम्हाला हसले. तुम्ही आमच्या वर्गात ते पत्र स्वतः वाचून दाखवलंत आणि म्हणालात, "चित्र माझ्या नावावर आहे, तेव्हा चूक माझी." माझ्याकडे पाहिलंतही नाही. त्या संध्याकाळी हॉस्टेलात मी तुमची नक्कल केली, खुर्चीत बसून पाय वर घेतले, आणि मुलं पोट धरून हसली.

ही नक्कल मी पुढं कितीतरी वर्षं करत आलो. कोट, छत्री, पाय, सगळं. एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नाही. नळीतून ओढताना किडा माझ्या बोटांत तुटला होता. मागचा तुकडा चिखलात गेला, आणि शेपूट मी मनानंच काढलं. छापायला पाठवण्याआधी तुम्ही मला बोलावून विचारलं होतं, शेपूट नीट पाहिलंस ना. मी होय म्हणालो होतो.