निमखाऱ्या पाण्यातली रोपं

प्रिय ठमाबाई,

परवा फोनवर तू विचारलंस की टाकीत शेवटी कोणती रोपं लावलीस, आणि मी तुझ्या गुडघेदुखीची चौकशी करत विषय बदलला. आजवर टाकीकडे ढुंकून न बघणारी तू, तुला एकदम रोपांचा पुळका कुठून आला याचंच मला नवल वाटलं. तू नुसतं 'बरं' म्हणालीस आणि फोन ठेवलास. फोनवर मला हे नीट सांगता येत नाही, म्हणून दुपारचं जेवण उरकून टाकीसमोरच्या खुर्चीत कागद घेऊन बसले आहे. शेठ काचेला नाक लावून बघतो आहे. रागावला की फुगणाऱ्या या माशाला तुझ्या बाबांनी गमतीने शेठ म्हटलं होतं. आता न रागावताही त्याचं पोट सुटलंय.

आपली पैज तुझ्या लक्षात असेलच. बाबा गेल्यावर तू म्हणालीस, एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये. मी म्हणाले, बाबांच्या उघड्याबोडक्या टाकीत रोपं लावते, वर्षभर जगवून दाखवते, मग तू हा विषय काढायचा नाहीस. मोठ्या तोऱ्यात म्हणाले. कॉलेजच्या रसायनशाळेत तीस वर्षं द्रावणं करून दिली, एक बाटली चुकली नाही, तिथे एका काचेच्या पेटीचं काय घेऊन बसलीस, असं.

पण निमखारं पाणी हे नखरेल प्रकरण आहे, धड गोडं नाही, धड समुद्राचं नाही. दुकानात पन्नास तऱ्हेची रोपं होती, आणि त्यातली बहुतेक या पाण्यात आठवड्याभरात सडतात. दुकानदार प्रामाणिक निघाला. म्हणाला, "मावशी, दिसायला छान ती राहू द्या, टिकतील ती न्या." त्याने जावा फर्न दिलं, जावा मॉस दिलं आणि लांब पट्ट्यांचं पाणगवत दिलं. फर्नचं खोड वाळूत पुरायचं नाही, पुरलं की कुजतं. ते दोऱ्याने दगडाला बांधायचं. शिवाय खारफुटीचं एक रोप, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. जास्तीचं मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं, म्हणून पानं ओल्या फडक्याने पुसत राहावी लागतात. मी सगळी रोपं आधी बादलीत ठेवली, तीन आठवडे चिमूटचिमूट मीठ वाढवत त्यांना सवय लावली. बाबा असते तर पहिल्याच दिवशी टाकीत सोडून मोकळे झाले असते.

मिठावरून आमची किती जुंपायची, आठवतं ना? मी मापाने, ते मुठीने. शेठला थोडं खारट आवडतं असं त्यांचं म्हणणं. दुपारी साडेतीनला, चहाच्या आधी, टाकीच्या मागच्या कोपऱ्यात मूठभर मीठ सोडायचे आणि माझी चाहूल लागली की खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. हात मात्र पुसायचे विसरायचे.

पहिले दोन महिने झकास गेले. खारटपणा मोजायची काचेची नळी पाण्यात सोडली की पाचच्या रेघेवर तरंगायची, रोपांना तेवढंच सोसतं. मग एका सोमवारी ती सहावर थांबली. पुढच्या सोमवारी सातवर. आता हे नीट समजून घे. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. म्हणून पाणी आटलं की वरून नुसतं गोडं पाणी घालायचं. मी तेच करत होते, काचेवर खूण करून, त्या खुणेपर्यंत. पाणी खुणेला आणि तरी मीठ वाढतंय, याचा अर्थ एकच होतो, कुणीतरी ते घालतंय. घरात मी एकटी, आणि दाराला आतून कडी.

आधी मी घाबरले. कपाटांमागे बघितलं, मोरीत बघितलं, स्वतःलाच हसले. मग शेठकडे लक्ष गेलं. रोज साडेतीनला तो मागच्या कोपऱ्यात जाऊन वर तोंड करून थांबायचा, बाबांसाठी थांबायचा तसा. एके दिवशी त्याच कोपऱ्यात काचेच्या कडेवर मिठाचे चार खडे दिसले, आणि ठमे, मला इतका आनंद झाला. वेडी म्हण हवं तर. साडेतीन वाजत आले की मी आतल्या खोलीत जाऊन बसायला लागले, त्यांना संकोच नको म्हणून. चहा दोन कप टाकायला लागले. इकडे पाणगवत विरघळून गेलं, मॉस तपकिरी पडलं, आणि मी पाणी बदलून खारटपणा उतरवायचं टाळत राहिले. उतरवला तर ते यायचे बंद होतील असं वाटायचं.

फर्नच्या पानांवर काळे डाग पडले तेव्हा मात्र माझ्यातली रसायनशाळेतली बाई जागी झाली. पैज हरले तर हे घर सुटणार होतं, आणि घर सुटलं तर ते कुठे येणार? विषारी बाटल्यांना आम्ही करायचो तसं मी मिठाच्या डब्याला केलं. झाकणावरून कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर तारीख घालून सही केली. डबा उघडायचा तर पट्टी फाटणारच. हे सोमवारी. गुरुवारी नळी नवावर होती, आणि पट्टी सलग, कुठे चीरसुद्धा नाही. माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, मी हात जोडले. मग चष्मा लावून जवळून बघितलं. पट्टीवर तारीख बुधवारची होती आणि खाली सही माझी. नखाने खरवडल्यावर तिच्याखाली सोमवारची पट्टी निघाली, मधोमध फाटलेली.

दुसरं कुणी असतं तर डबा तसाच उघडा टाकून गेलं असतं. उघडलेला डबा नव्या तारखेने पुन्हा बंद करायचा, ही सवय या घरात एकाच माणसाला आहे. कित्येक दिवस माझ्या बोटांना भेगा पडत होत्या आणि मी साबणाला दोष देत होते. त्या दिवशी बोट जिभेला लावून बघितलं, खारट लागलं. बुधवारची दुपार मला अजूनही आठवत नाही, खूप ताण देऊनही. मी खूप रडले. मीठ मी घालते म्हणून नाही, ते येत नव्हते म्हणून.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. फर्न, मॉस आणि पाणगवत, तिन्ही गेली. खारफुटी तेवढी जोमात आहे, मीठ कोण घालतं याच्याशी तिला देणंघेणं नाही. ती ने, शेठला ने, आणि मलाही ने. पैज मी हरले. तू आल्यावर मी कदाचित हे सगळं नाकारेन, बाबा रोज साडेतीनला येतात म्हणून सांगेन. तेव्हा वाद घालू नकोस, नुसता डबा उचलून ठेव. आणखी एक. आत्ता या पत्रासाठी ड्रॉवरमधून पाकीट काढलं. गेल्या आठवड्यात पाच कोरी आणली होती आणि त्यानंतर मी कुणालाही काही लिहिलेलं नाही. ड्रॉवरमध्ये तीनच होती. तुझ्याकडे दोन येऊन पडली असतील, हीच सगळी हकीकत असलेली, वेगवेगळ्या तारखांची, तर परवाचं तुझं ते 'बरं' मला आत्ता कळलं. आता आणखी काही विचारू नकोस, ये.

तुझीच,
आई