मागच्या झाकणाची पट्टी

प्रिय ठमे,

पाकीट बघून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. दिवसभर लोकांचे फोन उघडून बसणारा बाप कागद-पेन घेऊन बसलाय म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय, असं तुला वाटेल. थोडं बिनसलंयच. फोनवर तू हं म्हणतेस, मी हं म्हणतो आणि तुझी आई फोन ओढून घेते, त्यात बोलायचं ते राहून जातं. परवा ती म्हणाली की तळ्यांच्या पाहणीची ती नोकरी तू नको म्हणणार आहेस, आणि सोमवारपर्यंत कळवायचंय. यंत्रं घेऊन होडीत बसायचं, पाण्याचे नमुने घ्यायचे, पाणकिडे मोजायचे! लहानपणी डबक्यापाशी तासन्‌तास उकिडवी बसणाऱ्या मुलीसाठीच काढल्यासारखी जागा ती. आणि तू कारण काय दिलंस, तर माझ्या हातात काही टिकत नाही, त्यांची महागाची यंत्रं कशाला बुडवू. हे ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाहीये. तेव्हा त्यांना कळवायच्या आधी माझं एवढं वाच.

दुकानाचं म्हणशील तर बरं चाललंय. गेल्या आठवड्यात गणिताच्या बाई आल्या होत्या, फोन तापतो म्हणून. बघतो तर काय, एका कव्हरावर दुसरं, त्यावर तिसरं, आणि वरून लोकरीची पिशवी! बिचारा तापणार नाही तर काय करणार? मी एकेक थर काढत गेलो आणि बाई संकोचून इकडेतिकडे बघत राहिल्या. त्यांच्यामागे पोस्टातले काका, भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात घालून घेऊन आले. पाणी होतं तिथेच होतं, वर चार्जिंगच्या भोकात तांदळाचा भुगा. कपाळाला हात लावला मी. तुझी आई मात्र अजून फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावते. सगळी आळी तिला हसते, पण नऊ वर्षांत तिच्या फोनवर साधा ओरखडा नाही, त्यामुळे माझी बोलायची सोय राहिलेली नाही.

मी सगळ्यांना तीच टकळी लावतो, तुला तर ती पाठच असेल. हल्लीची काच कणखर असते, पण कोपऱ्यावर आपटली की तिचं काही चालत नाही, म्हणून कव्हराची कड काचेहून जराशी वर हवी. फोन भिजला तर आधी बंद करायचा, चार्जिंगला लावायचा नाही, पुसायचा आणि सरळ दुकान गाठायचं. आणि नवा फोन पाण्याला दाद देत नाही, ती करामत काचेची नसते. मागच्या झाकणाच्या कडेने गोंदाची एक बारीक पट्टी फिरवलेली असते, तिची असते. फोन एकदा उघडला की ती पट्टी फाटते. नवी घातली नाही तर फोन दिसायला तसाच, पण पाण्यापुढे उघडाच.

तुझा तो फोन मी विसरलेलो नाही. तो तू किती जपायचीस, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? कव्हर तू स्वतः निवडलेलंस, गळ्यात दोरी, दर महिन्याला काच तपासून घ्यायला दुकानात हजर. त्या दिवशी तळ्यावर वाकताना दोरीचा आकडा निसटला, एवढंच झालं. गुडघाभर पाणी, आणि मिनिटभरही आत नव्हता. तू तो लगेच बंद केलास, रुमालात गुंडाळलास, चार्जिंगला लावला नाहीस, ओल्या कपड्यांनिशी बस पकडून थेट माझ्याकडे आलीस. मी शिकवलेली एकही गोष्ट चुकवली नाहीस गं. आणि मी काय केलं? चार गिऱ्हाइकांसमोर तुला धांदरट म्हणालो, डोळे कुठे ठेवून चालतेस असं विचारलं. तुझ्या कॉलेजच्या प्रकल्पाचे चार महिन्यांचे फोटो, नोंदी, सगळं गेलं. त्यांच्या प्रती काढायचं तू उद्यावर ढकलत होतीस, तेवढी चूक तुझी, नाही म्हणत नाही. पण तुमच्या विभागाच्या मॅडमनी निष्काळजी म्हणून शेरा मारला, तू प्रकल्प अर्धवट सोडलास आणि त्या कचेरीत फायली लावायला जाऊन बसलीस. तीन वर्षं झाली. आता घरी आलीस तरी काचेचा पेला दोन्ही हातांनी धरतेस. माझा जीव तुटतो ते बघून.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. तळ्यावर जायच्या आदल्या दिवशी तू बॅटरी बदलायला फोन माझ्याकडे दिला होतास. मी तो उघडला आणि जुनी पट्टी फाटली. तुझ्या फोनची नवी पट्टी दुकानात संपली होती, यायला दोन दिवस लागणार होते, आणि तुला तर सकाळी निघायचं होतं. मी चार कोपऱ्यांना साधा गोंद लावला आणि झाकण दाबून बसवलं. पाण्यापासून लांब ठेव, एवढंच तुला सांगायचं होतं. तू घाईघाईत आलीस, माझ्या चष्म्यावरून काहीतरी चिडवलंस, मी हसलो आणि सांगायचं साफ विसरलो. भिजलेला फोन घेऊन आलीस तेव्हा मी झाकण उचललं, आणि पाणी कुठून शिरलंय ते मला त्याच क्षणी दिसलं. जिथे पट्टी हवी होती तिथूनच. समोर गिऱ्हाइकं उभी, डोक्यावर खात्रीशीर दुरुस्तीची पाटी, आणि तोंडातून निघालं ते धांदरट. त्यानंतर रोज सांगेन म्हणायचो आणि रोज जीभ रेटायची नाही. भित्रा आहे गं तुझा बाप. तुझ्या आईला आज सकाळी सगळं सांगितलं, ती अजून माझ्याशी बोललेली नाही, आणि तेच बरोबर आहे. तुमच्या मॅडमनाही याच टपालाने लिहितोय. मला माफ कर असं म्हणायला तोंड नाही मला, तरी म्हणतो. सोमवारी तू हो म्हण नाहीतर नको म्हण, तुझी मर्जी. फक्त ते कारण देऊ नकोस. फोन तुझ्या हातून पडला, ठमे. गेला तो माझ्या हातून.

तुझाच, तीन वर्षं गप्प बसलेला,
बाबा